वीस हजार वस्तीच्या नूकला आंतरराष्ट्रीय विमानतळ का लागला, आणि बेळगावच्या सांबरा विमानतळाशी त्याची तुलना होऊ शकते का?

प्रश्न – भूगोल शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात ध्रुवीय प्रदेशातील वाहतुकीबद्दल बोलताना ग्रीनलंडची राजधानी नूक येथील विमानतळाचा विषय निघाला. तेथे २८ नोव्हेंबर २०२४ रोजी २,२०० मीटर लांबीची नवी धावपट्टी सुरू झाली आणि कोपनहेगनहून येणारी मोठी विमाने थेट राजधानीत उतरू लागली, एवढे मी सांगितले. (नूक ६४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या थोडे दक्षिणेला आहे, पण तेथील जुलै महिन्याचे सरासरी तापमानही दहा अंशांखाली राहत असल्यामुळे हवामानाच्या दृष्टीने हा प्रदेश आर्क्टिकमध्येच गणला जातो, हेही वर्गात स्पष्ट केले.) त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, नूकची वस्ती वीस हजार, म्हणजे आपल्या खानापूरएवढीच आहे. मग एवढ्याशा गावाला आंतरराष्ट्रीय विमानतळ कशाला? आणि सांबऱ्याची धावपट्टी तर त्याहून लांब आहे ना?" तिचे आजोळ सांबऱ्याजवळ असल्यामुळे तिला धावपट्टीची लांबी पाठ होती.

मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. घरी येऊन वाचल्यावर माझा गोंधळ उलट वाढला. ग्रीनलंडमध्ये कांगरलुसुआक येथे २,८१० मीटर लांबीची धावपट्टी आधीपासूनच आहे. ती अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बांधली असून तेथील हवाही स्वच्छ आणि स्थिर असते असे दिसते. हाताशी तयार असलेली लांब धावपट्टी सोडून राजधानीत डोंगर फोडून तिच्यापेक्षा आखूड धावपट्टी बांधण्यामागे कोणता विचार असावा? गोठलेल्या जमिनीचा प्रश्न तेथे कसा सोडवला? आणि सांबऱ्याची २,३०० मीटरची धावपट्टी नूकपेक्षा शंभर मीटरने लांब असूनही तेथून तेवढी मोठी विमाने का उडत नाहीत? येथे या क्षेत्रातील जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारत आहे. मुलांना सांगता येईल अशा भाषेत उत्तर मिळाले, तर फार उपकार होतील.

उत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता, शहापूर, बेळगाव

बाई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण धावपट्टीच्या लांबीबद्दल मोठ्या माणसांचाही हाच गैरसमज असतो. माझ्या नोकरीतील काही वर्षे धावपट्ट्यांच्या कामांवर गेली आहेत, त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

प्रथम कांगरलुसुआकविषयी. हा विमानतळ लोकांच्या सोयीसाठी बांधलेलाच नव्हता. युद्धकाळात अमेरिकेहून युरोपकडे जाणाऱ्या लढाऊ विमानांना वाटेत उतरून इंधन भरण्यासाठी स्थिर हवेची, सपाट आणि समुद्रापासून आत असलेली जागा हवी होती. सुमारे पावणेदोनशे किलोमीटर लांबीच्या फ्योर्डच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या) टोकाशी, हिमस्तराजवळ, ती मिळाली. तेथे पूर्वी गाव नव्हते. विमानतळामुळेच जी वस्ती झाली, तीही पाचशेच्या आसपासच राहिली. कॅनडाच्या नुनावुट प्रदेशाची राजधानी इकालुइट हीदेखील १९४२ च्या अमेरिकन लष्करी धावपट्टीभोवती वाढलेली वस्ती आहे. आपल्या सांबऱ्याची धावपट्टीही १९४२ सालीच, ब्रिटिश वायुदलाने बांधलेली. या तिन्ही जागा सेनेच्या गरजेने ठरल्या. पुढे इकालुइटमध्ये माणसे धावपट्टीजवळ राहायला आली, सांबऱ्याला सुदैवाने दहा किलोमीटरवर बेळगाव शहर होतेच, पण कांगरलुसुआकला मात्र फारसे कोणी राहायला गेले नाही. तेथून नूक सुमारे ३२० किलोमीटर दूर आहे. ग्रीनलंडमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही, त्यामुळे हे अंतर केवळ विमानाने किंवा बोटीनेच पार करता येते.

त्याचा परिणाम काय होत असे, ते पाहा. एअर ग्रीनलंडच्या एअरबस ए३३०-८०० या विमानात ३०५ आसने आहेत. ते कोपनहेगनहून कांगरलुसुआकला उतरले की नूक आणि इतर गावांकडे जाणाऱ्या प्रवाशांना चाळीसपेक्षाही कमी आसनांच्या डॅश-८ विमानांत बसावे लागे, कारण नूकची जुनी धावपट्टी हजार मीटरसुद्धा नव्हती आणि तेथे तेवढीच विमाने उतरू शकत होती. एका मोठ्या विमानातील माणसे पोहोचवायला छोट्या विमानाच्या किमान आठ फेऱ्या लागतात. त्यात नूकचे हवामान बिघडले, की सर्व प्रवासी पाचशे वस्तीच्या त्या ठिकाणी अडकून पडत. देशाच्या एक तृतीयांशाहून अधिक लोक ज्या शहरात राहतात, ज्या शहरात मोठे रुग्णालय, विद्यापीठ आणि संसद आहे, तेथे पोहोचण्यासाठी प्रत्येक वेळी हा वळसा घालावा लागे.

आता लांबीचा प्रश्न. धावपट्टीची लांबी हा आकडा स्वतंत्रपणे वाचायचा नसतो. तो उंची आणि तापमान यांच्यासह वाचावा लागतो. हवा जेवढी विरळ, तेवढी पंखांना मिळणारी उचल कमी आणि इंजिनाचा जोरही कमी. त्यामुळे जमीन सोडण्याआधी विमानाला जास्त धावावे लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची जी पद्धत आम्ही अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकलो, ती अशी आहे. समुद्रसपाटीवर, पंधरा अंश तापमानात आणि पूर्ण सपाट धावपट्टीवर विमानाला लागणारी लांबी ही मूळ लांबी मानायची. त्यानंतर समुद्रसपाटीपासूनच्या प्रत्येक ३०० मीटर उंचीसाठी तिच्यात ७ टक्के वाढ करायची. मग त्या उंचीवरील प्रमाणित तापमानापेक्षा (समुद्रसपाटीवर पंधरा अंश, वर जाऊ तसे कमी) विमानतळाचे संदर्भ तापमान, म्हणजे सर्वांत उष्ण महिन्यावरून ठरवलेले तापमान, जितक्या अंशांनी अधिक असेल, तितके टक्के आणखी वाढवायचे.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे उंचीसाठी साडेसतरा टक्के झाले. त्या उंचीवरील प्रमाणित तापमान साधारण दहा अंश येते. आपल्याकडील सर्वांत उष्ण महिन्याचे संदर्भ तापमान उदाहरणापुरते तीस अंश धरले, तर तापमानासाठी आणखी वीस टक्के लागतात. दोन्ही मिळून मूळ लांबीच्या सुमारे १.४१ पट धावपट्टी लागते. उलट हिशेब केला, तर आपल्या २,३०० मीटरचा उपयोग समुद्रकाठच्या थंड हवेतील सुमारे १,६३० मीटरइतकाच उरतो. नूकचा विमानतळ समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही आणि तेथील उन्हाळा प्रमाणित तापमानापेक्षा थंड असतो. त्यामुळे तेथील २,२०० मीटर जवळजवळ पूर्णच वापरात येतात. म्हणून बाई, आपल्या विद्यार्थिनीला सांगा की फुटपट्टीने सांबरा लांब आहे, पण विमानाच्या दृष्टीने नूक लांब आहे. (मोठ्या विमानांसाठी प्रत्यक्ष आखणी करताना त्या त्या विमानाचे तक्ते वापरतात आणि एकूण वाढ ३५ टक्क्यांपुढे गेली, तर स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. तरीही कारण समजण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.)

थंडीचा हा फायदा उड्डाणाच्या वेळचा आहे. उतरताना परिस्थिती उलटते. धावपट्टीवर बर्फ किंवा ओला हिम असेल, तर चाकांची पकड कमी होते आणि थांबण्याचे अंतर बरेच वाढते. त्यामुळे आर्क्टिकमध्ये धावपट्टीची लांबी बहुधा उतरण्यासाठी राखून ठेवावी लागते.

आता गोठलेली जमीन. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. कायम गोठलेल्या जमिनीत माती आणि बर्फ एकत्र असतात. बर्फ आहे तोवर ती खडकासारखी भार पेलते. पण तिच्यावर काळे डांबर टाकले, की उन्हाळ्यातील सूर्याची उष्णता ते शोषून घेते, खालचा बर्फ वितळतो, त्याचे पाणी निघून जाते आणि पृष्ठभाग असमान खचतो. मोठ्या विमानाच्या चाकाखाली काही सेंटिमीटरचा उंचवटाही धोक्याचा ठरू शकतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील लाँगइयरब्येनचा विमानतळ १९७५ साली अशाच जमिनीवर झाला आणि तेथील धावपट्टीची डागडुजी त्यानंतर वारंवार करावी लागली. इकालुइटमध्येही धावपट्टी आणि टॅक्सी-वे यांच्याखाली बर्फाच्या पाचरी आहेत. तेथे सुमारे ३० कोटी कॅनेडियन डॉलरची सुधारणा करून २०१७ साली नवे टर्मिनल उघडले. त्याच्या पायाखाली थर्मोसायफन बसवले आहेत. या बंद नळ्यांतील वायू हिवाळ्यात जमिनीतील उष्णता वर आणून हवेत सोडतो आणि त्यासाठी विजेची गरज लागत नाही. ग्रीनलंडच्या उत्तरेला थुले येथील अमेरिकन तळावर तर सगळी धावपट्टीच पांढऱ्या रंगाने रंगवण्याचा उपाय केला गेला, म्हणजे ऊन परावर्तित होऊन खालची जमीन गोठलेलीच राहील. मला स्वतःला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते. आपण मे महिन्यात पत्र्याच्या छपराला चुना लावतो, तेव्हा आपणही नेमके हेच करतो.

कांगरलुसुआकची धावपट्टी गाळाच्या आणि काही ठिकाणी गोठलेल्या जमिनीवर आहे. तिच्या दुरुस्तीचा खर्च पुढे वाढतच जाणार होता. नूकचा विमानतळ मात्र बव्हंशी उघड्या कातळावर आहे. तेथे कष्ट सुरुंग लावण्याचे आणि भराव घालण्याचे होते. लाखो घनमीटर खडक फोडावा लागला आणि तेही जुन्या धावपट्टीवरून रोजची वाहतूक चालू ठेवून. परंतु फोडलेला खडकच भरावाला वापरता येतो आणि एकदा बसलेला कातळाचा भराव खचत नाही. अभियंता म्हणून मला विचाराल, तर दूरच्या लांब धावपट्टीपेक्षा गावाजवळच्या कातळावरील पुरेशी लांब धावपट्टी केव्हाही चांगली, असेच मी म्हणेन.

उत्तर – मूळचा निपाणीचा, सध्या गोव्यातील विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये नोकरी

काकांचे उत्तर वाचून पुष्कळ शिकायला मिळाले. एका बाबतीत मात्र मला भर घालावीशी वाटते. धावपट्टी आणि टर्मिनल तयार झाले, म्हणजे विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला असे नसते. आमच्या कामात माणसांची तयारी ही धावपट्टीएवढीच मोठी बाब असते.

नूकचेच उदाहरण घ्या. २०२५ च्या जून महिन्यात अमेरिकेतील न्यूअर्कहून तेथे युनायटेड कंपनीची थेट उड्डाणे सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस सुरक्षा तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण नियमांप्रमाणे नसल्याचे डेन्मार्कच्या अधिकाऱ्यांना (ग्रीनलंड हा डेन्मार्कच्या राज्यातील स्वायत्त प्रदेश आहे) तपासणीत आढळले आणि आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी थांबवावी लागली. त्यामुळे परदेशी उड्डाणे काही काळ बंद पडली. धावपट्टी नवी होती, इमारत नवी होती, विमाने आणि प्रवासीही होते. देशांतर्गत उड्डाणांना वेगळे नियम, परदेशी उड्डाणांना वेगळे. सामानाच्या एक्स-रेसमोर बसणाऱ्या प्रत्येक माणसाचे प्रमाणपत्र वेळेवर नूतनीकरण झालेले हवे. वीस हजारांच्या गावातून अशी माणसे उभी करायची, त्यांना पाळ्या लावायच्या, त्यांतील कोणी आजारी पडले किंवा नोकरी सोडून गेले तर बदली माणूस ठेवायचा, हे किती अवघड असते, ते मी रोज पाहतो. मोठ्या शहरात एक माणूस कमी पडला, तर दुसरा मिळतो. लहान ठिकाणी एका माणसामुळे विमान थांबू शकते.

अग्निशमन दलाचेही असेच आहे. उतरणाऱ्या विमानाच्या लांबी-रुंदीवरून दलाची श्रेणी ठरते आणि तेवढे बंब, तेवढा फेस आणि तेवढे प्रशिक्षित जवान हजर नसतील, तर ते विमान उतरवता येत नाही. शिवाय आर्क्टिकमध्ये बर्फ काढणारी यंत्रे आणि पंखांवरील बर्फ काढण्यासाठी गरम केलेला ग्लायकॉलचा द्रव फवारणाऱ्या गाड्या लागतात. फवारणी झाल्यावर ठरावीक मिनिटांत विमान उडाले नाही, तर पुन्हा फवारावे लागते.

आणखी एक मुद्दा बाईंच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. प्रत्येक विमानाला, उतरायचे ठिकाण बंद पडले तर कोठे जायचे, हे आधीच ठरवून तेवढे इंधन घेऊन निघावे लागते. नूकभोवती डोंगर आहेत, वारा आडवा येतो आणि हवा झपाट्याने बदलते. तेथे उतरता आले नाही, तर सर्वांत जवळचा, मोठे विमान घेऊ शकणारा पर्याय कांगरलुसुआकच आहे. तो नसेल, तर कॅनडातील इकालुइट सुमारे ८०० किलोमीटरवर आणि आइसलंडमधील केफ्लाविक सुमारे १,४०० किलोमीटरवर राहते. तेवढे जास्तीचे इंधन वाहायचे म्हणजे तेवढे प्रवासी किंवा माल कमी घ्यायचा. जुन्या धावपट्टीची देखभाल टाळून पैसा वाचतो असे कागदावर दिसते, परंतु नव्या धावपट्टीचा भरवसा बराचसा त्या जुन्या धावपट्टीवरच उभा असतो. म्हणून तेथे "जुने सोडून नवे बांधले" असे म्हणणे बरोबर होणार नाही. मुख्य थांबा हलवला आणि जुना विमानतळ राखीव म्हणून लागतच राहिला. आमच्याकडे पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग उतरले, की बेळगावचे विमान हुबळीला किंवा गोव्याकडे वळवले जाते, तेव्हा त्या राखीव विमानतळाची किंमत कळते. फरक एवढाच की आपले प्रवासी तेथून गाडी करून चार तासांत घरी पोहोचतात.

उत्तर – लघुउद्योजक, उद्यमबाग, बेळगाव

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत. परंतु मी थोडा वेगळा सूर लावणार आहे, त्याबद्दल राग नसावा. माझा व्यवसाय ओतकामाचा आहे आणि कोणत्याही गुंतवणुकीकडे मी कर्ज, व्याज आणि मागणी याच नजरेने पाहतो.

ग्रीनलंडची एकूण लोकसंख्या सुमारे ५७ हजार. आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ४७ लाखांहून अधिक होती. तेथे नूकशिवाय इलुलिस्सात येथेही २,२०० मीटरची धावपट्टी आणि दक्षिणेला काकोर्तोक येथे १,५०० मीटरची धावपट्टी बांधायला घेतली. इलुलिस्सातजवळचा हिमनगांचा फ्योर्ड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तो पाहायला पर्यटक येतात, हे मान्य. पण ध्रुवीय पर्यटनाचा हंगाम लहान असतो आणि कर्जाचा हप्ता बाराही महिने असतो. देशाच्या निर्यातीत मासळी आणि कोळंबीचा वाटा नऊ दशांशांहून जास्त आहे आणि ती मुख्यतः गोठवून जहाजाने जाते. ताजी मासळी विमानाने पाठवून चांगला भाव मिळवण्याची आशा तेथील लोकांना आहे. ती फलद्रूप व्हावी असे मलाही वाटते, परंतु मागणी निर्माण होण्याआधी क्षमता उभारली की काय होते, हे आम्हा कारखानदारांना ठाऊक आहे. नवी भट्टी घेतली आणि ऑर्डर आल्या नाहीत, तर ती भट्टीच मालकाला गिळते.

पैसा कोठून आला, हाही प्रश्न साधा नव्हता. २०१८ साली या विमानतळांच्या बांधकामासाठी एक मोठी चिनी सरकारी कंपनी स्पर्धेत उतरली होती. त्यानंतर डेन्मार्कच्या सरकारने पुढे येऊन विमानतळ कंपनीत सुमारे ७० कोटी क्रोनर गुंतवून एक तृतीयांश भागीदारी घेतली आणि स्वस्त कर्जाची सोय केली. ज्यांना डेन्मार्कपासून अधिकाधिक स्वायत्तता हवी होती, त्यांना ही भागीदारी मान्य नव्हती. ग्रीनलंडमधील नालेराक हा पक्ष याच कारणावरून सरकारमधून बाहेर पडला. आपले दार उघडण्यासाठी बांधलेल्या विमानतळाचा एक तृतीयांश हिस्सा जुन्या सत्ताधीशाकडे जावा, याचे शल्य मी समजू शकतो. पण व्यवहार म्हणून पाहिले, तर एवढ्या लहान समाजाला एवढे कर्ज एकट्याने झेपले नसते, हेही खरे आहे.

आता सांबऱ्याकडे येतो. १४ सप्टेंबर २०१७ रोजी आपल्याकडे नवे टर्मिनल सुरू झाले, आणि १० मार्च २०२४ रोजी त्याहून मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. लहान शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०१९ नंतर बेळगाव अनेक शहरांशी जोडले गेले, आम्हा उद्योजकांना त्याचा फार मोठा लाभ झाला. पण तीन वर्षांच्या अनुदानाची मुदत संपल्यावर त्यांतील काही मार्ग बंद झाले. आखाती देशांत नोकरी करणारी आपली मुले आज चोर्ला घाटाने गोव्यातील मोपा विमानतळावर जाऊन विमान पकडतात. तो विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. म्हणजे सांबऱ्याच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणाची स्पर्धा धावपट्टीशी नसून त्या घाटाच्या रस्त्याशी आहे. नूकला असा रस्ता नाही. तेथील माणसाला विमान नसेल, तर घरीच थांबावे लागते. म्हणून विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: खानापूरला विमानतळ लागत नाही, कारण खानापूरला रेल्वे आहे, महामार्ग आहे आणि तासाभरात बेळगाव आहे. लोकसंख्या सारखी असली, तरी गरज सारखी नसते.

उत्तर – शेतकरी, सांबरा परिसर

मी अभियंताही नाही आणि व्यापारीही नाही. आमची काही जमीन विमानतळाच्या विस्तारात गेली आहे, म्हणून हा विषय मी आपुलकीने वाचला. सर्वांनी नूकच्या लोकांचा विचार केला, पण कांगरलुसुआकच्या त्या पाचशे माणसांचे पुढे काय झाले, हे कोणी लिहिले नाही. त्यांचे हॉटेल, दुकान, शाळा, सगळे त्या थांब्यावर अवलंबून असणार. एखाद्या गावावरून एस.टी.चा मार्ग बदलला, तरी फाट्यावरचे चहाचे दुकान बंद पडते, हे आपण पाहिले आहे. आमच्याकडे विस्तार आला आणि जमीन गेली. त्यांच्याकडे विमानतळाचे काम गेले आणि जमीन राहिली. दोन्हीकडे निर्णय दूर कोठेतरी झाला. मोबदला मिळाला, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या रानात आजोबांनी ज्वारी काढली, तेथे आज तारेच्या कुंपणापलीकडे गवत कापले जाते, हे पाहताना मन भरून येते. त्या लोकांविषयी कोणाला माहिती असेल, तर कृपया लिहावी.

प्रत्युत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता, शहापूर

दादा, आपण विचारले ते मीच लिहायला हवे होते. राहून गेले याची खंत वाटते. मुख्य थांबा नूकला गेल्यामुळे कांगरलुसुआकमधील विमानतळाशी बांधलेली नोकरी कमी होणार, हे तेथील लोकांना अनेक वर्षे आधी कळले होते आणि त्यांच्या मनात मोठी चिंता होती. धावपट्टी मात्र पूर्ण बंद झाली नाही. २०१९ साली डेन्मार्कच्या संरक्षण विभागाने ती चालू ठेवण्यासाठी ग्रीनलंडच्या सरकारशी समझोता केला, कारण लष्करी वाहतुकीला आणि हिमस्तरावरील संशोधनाला ती जागा उपयोगी आहे. वर निपाणीच्या मित्राने सांगितलेले पर्यायी विमानतळाचे कारणही आहेच. रस्त्याने थेट हिमस्तराच्या कडेपर्यंत जाता येईल अशी ग्रीनलंडमधील ती मोजक्या ठिकाणांपैकी एक जागा असल्यामुळे थोडे पर्यटनही टिकेल. पण लष्कराच्या गरजेने सुरू झालेले गाव पुन्हा लष्कराच्याच गरजेवर येऊन थांबले, ही गोष्ट मलाही अस्वस्थ करते. दक्षिणेतील नार्सारसुआक हीदेखील युद्धकाळातील अमेरिकन धावपट्टी, आणि काकोर्तोकचा विमानतळ तिची जागा घेण्यासाठीच आखला आहे. म्हणजे तेथील छोट्या वस्तीसमोरही हाच प्रश्न येणार. धावपट्टी हलवण्याच्या अंदाजपत्रकात मागे राहणाऱ्या गावाच्या पुनर्वसनाची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळी दाखवावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडच्या धरणांच्या कामात मी याची उणीव पाहिली आहे.

उद्योजक मित्रांच्या कर्जाविषयीच्या शंकेला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इलुलिस्सात आणि नूक या दोन्ही ठिकाणी सारख्याच लांबीची धावपट्टी हवी होती का, याबद्दल माझ्याही मनात शंका आहे. नूकच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर कायम आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सर्व उत्तरे वर्गात वाचून दाखवली. चोर्ला घाटाचा मुद्दा मुलांना लगेच पटला, कारण अर्ध्या वर्गाचे कोणी ना कोणी नातेवाईक त्या रस्त्याने गोव्याला जातात. सांबऱ्याच्या दादांचा प्रश्न वाचल्यावर वर्ग थोडा वेळ शांत झाला होता. आमच्या तालुक्यातही काही गावे रस्त्याच्या आणि धरणाच्या कामांमुळे हलली आहेत.

काकांनी दिलेला हिशेब मुलांनी स्वतः करून पाहिला. त्यांपैकी काहींनी साडेसतरा आणि वीस यांची बेरीज करून साडेसदतीस टक्के उत्तर काढले आणि २,३०० मीटरला १.३७५ ने भागल्यावर त्यांना सुमारे १,६७३ मीटर आले. आपण १.४१ पट लिहिले आहे. मुलांचे कोठे चुकले, हे समजावून सांगाल का?

प्रत्युत्तर – निवृत्त स्थापत्य अभियंता, शहापूर

मुलांनी हिशेब करून पाहिला, हे वाचून फार आनंद झाला. त्यांची चूक अगदी स्वाभाविक आहे. उंचीची साडेसतरा टक्के वाढ मूळ लांबीवर करायची. पण तापमानाची वीस टक्के वाढ ही मूळ लांबीवर न करता उंचीसाठी आधीच वाढवलेल्या लांबीवर करायची. म्हणून १.१७५ ला १.२ ने गुणायचे, म्हणजे १.४१ येते. २,३०० ला १.४१ ने भागले की १,६३१ मीटर मिळतील. याच पद्धतीने त्यांना आता सांबऱ्यासाठी जानेवारीतील पहाटेचा हिशेब करायला सांगा, तापमान बारा अंश धरून. मग उन्हाळ्यात जड विमाने सकाळी लवकर किंवा रात्री का सोडतात, ते त्यांना आपोआप कळेल. उत्तर आले, की येथे जरूर लिहा. मी तपासून देईन.